गडबच्या नाक्यावरची दोन घड्याळे

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ सोडून दक्षिणेकडे निघाले की उजव्या हाताला डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात आणि थोड्याच वेळात गडब येते. एका अंगाला खारजमिनी आणि धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे व त्यांपलीकडे डोंगर, आणि मधून अखंड वाहणारा रस्ता. या रस्त्यालगत आमच्या कुटुंबाचे किराणा-भुसाराचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले, त्या वेळी दुकान उघडण्याची व बंद करण्याची वेळ सांगावी लागत नसे. सकाळी दर्शन आटोपून वडील येत आणि दिवेलागणीला फळी लावून घरी जात. सूर्य मावळण्यापूर्वी व्याळू झालेली असे. रात्री कोणी मीठ-तेल मागायला आलेच, तर मागच्या दाराने ते दिले जाई, परंतु गल्ला रात्री उघडत नसे.

पुढे भोवतालचे जग बदलले. पोलादाची भट्टी एकदा पेटली की ती रात्रीपुरती विझवता येत नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, आणि त्याच्याबरोबर रस्ता, चहाच्या टपऱ्या, रिक्षा, खानावळी, सारेच तीन पाळ्यांत चालू लागतात. थोरल्या बंधूंनी दुकान हाती घेतले ते याच काळात. पहाटे पाच वाजता पहिल्या पाळीचे गिऱ्हाईक बिस्किटे, दूध, तंबाखू मागत येई (तंबाखू आम्ही ठेवत नाही, ही गोष्ट वेगळी). रात्री दुसरी पाळी सुटे, तेव्हा उद्याचा शिधा न्यायला माणसे थांबत. हळूहळू दुकान साडेअकरापर्यंत उघडे राहू लागले. बंधू घरी पोहोचून जेवायला बसत तेव्हा बारा वाजायला आलेले असत. चातुर्मासातला चोविहार प्रथम पर्युषणापुरता उरला, मग तोही संवत्सरीच्या दिवसापुरता. पंचेचाळिसाव्या वर्षी रक्तातील साखर तपासली, तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘रात्री जेवता किती वाजता?’

त्या प्रश्नाचे मला त्या वेळी नवल वाटले होते. काय खाता आणि किती खाता, हे डॉक्टर विचारतात. किती वाजता खाता, हा प्रश्न आजवर आमच्या बा विचारत असत. त्यामागे विज्ञान काय आहे, हे शोधू लागलो तेव्हा गेल्या अर्धशतकातील संशोधनाची एक मोठी वाट समोर आली. तिच्यातील जे मला नीट समजले, तेवढे वाचकांपुढे ठेवतो.

इ.स. १७२९ मध्ये दमेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक झाड अंधाऱ्या जागी ठेवले. दिवसा पाने उघडणे आणि रात्री मिटणे हे सूर्याच्या प्रकाशामुळे होत असेल, तर अंधारात ते थांबायला हवे होते. ते थांबले नाही. झाडाला बाहेरचा दिवस दिसत नव्हता, तरी त्याच्या आत दिवस चालू होता. मनुष्याच्या बाबतीत हेच पडताळायला आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता दोन महिने आल्प्समधील एका गुहेत राहिला. जर्मनीत युर्गन आशोफ यांनी जमिनीखालील खोल्यांत माणसांना ठेवून त्यांची झोप, जाग आणि शरीराचे तापमान मोजले. आपल्याकडे मदुराईला प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी असा एकांतकक्ष उभारला होता. त्याच मदुराईच्या परिसरातील गुहांत त्यांनी वटवाघळांचाही अभ्यास केला. सगळीकडे एकच गोष्ट दिसली. बाहेरचे ऊन, कोंबड्याची बांग, घड्याळाचे टोले यांपैकी काहीही नसले तरी माणसाचे शरीर साधारण चोवीस तासांचा दिवस स्वतःच मोजत राहते. नेमके सांगायचे, तर चोवीस तासांहून काही मिनिटे जास्त. ही रोजची किरकोळ चूक सकाळचा उजेड दुरुस्त करतो.

महाराष्ट्रातही या विषयाचे काम झाले आहे. तेव्हाच्या अहमदनगरच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागात फळमाश्यांच्या निरनिराळ्या अक्षांशांवरील वाणांचा अभ्यास झाला. दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या एकाच जातीच्या माश्या कोशातून बाहेर पडण्याची वेळ निरनिराळी राखतात, असे त्यात आढळले. पिकल्या केळ्याभोवती घोंघावणारी ही माशी, तिच्याकडे आपण कधी आदराने पाहिलेले नसते. परंतु शरीरातील घड्याळाचे पहिले रहस्य तिनेच उलगडून दिले. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना अशा काही माश्या सापडल्या, ज्यांच्या एका जनुकात बिघाड झाला की त्यांचा दिवस एकोणीस तासांचा होई, किंवा अठ्ठावीस तासांचा, किंवा त्यांना दिवसच उरत नसे. १९८४ मध्ये त्या जनुकाची रचना हाती आली. त्यावरील कामाबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घड्याळाची यंत्रणा समजायला व्यापाऱ्याला फारशी अडचण पडू नये. पेशीतील जनुक एक प्रथिन बनवत राहते. ते साठत जाते. साठा पुरेसा झाला की तेच प्रथिन मागे फिरून जनुकाला थांबवते, ‘आता नवा माल नको.’ मग साठा हळूहळू झिजतो, गोदाम रिकामे होते आणि पुन्हा उत्पादन सुरू होते. हे एक आवर्तन सुमारे चोवीस तासांत पुरे होते. असे घड्याळ आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. त्यांतील मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू एकमेकांना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींच्या एका चिमुकल्या पुंजक्यात असते. ते उजेडावर चालते. यकृत, स्वादुपिंड, आतडी, स्नायू यांची घड्याळे मात्र उजेडापेक्षा अन्नाच्या वेळेकडे अधिक लक्ष देतात.

येथेच खरा घोटाळा होतो. रात्री साडेअकराला दुकानात नळीच्या दिव्याखाली बसलेल्या माणसाच्या मेंदूला उजेड दिसतो, म्हणून झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. बारा वाजता तो भात-भाजी-पोळी खातो, तेव्हा यकृताला वाटते की दुपार झाली. इकडे स्वादुपिंड रात्रीच्या विश्रांतीस लागलेले असते, कारण मेलाटोनिन त्याला इन्शुलिन आवरते घे असे सांगत असते. एकाच देहात तीन खाती आणि तिघांची रोजमेळ निरनिराळी. अशा पेढीचा वर्षाखेरीचा हिशेब जुळेल काय?

जुळत नाही, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. २००९ मध्ये बोस्टन येथे दहा निरोगी माणसांना काही दिवस अठ्ठावीस तासांचा दिवस जगायला लावले. त्यामुळे त्यांचे जेवण आणि झोप कधी शरीराच्या दिवसा, तर कधी शरीराच्या रात्री पडू लागली. अन्न तेच असूनही घड्याळे उलटी पडली तेव्हा रक्तातील साखर वाढली आणि रक्तदाबही चढला. काही जणांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचली. ही निरोगी, तरुण माणसे होती आणि प्रयोग दिवसांचा होता, वर्षांचा नव्हे. वर्षांचा हिशेब अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून मिळतो. पाळी बदलत रात्रपाळी करण्याची वर्षे जितकी जास्त, तितके मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळले. वीस वर्षांहून अधिक काळ अशी नोकरी केलेल्यांत ते दीडपटीच्या वर होते. वाढलेल्या वजनाचा हिशेब वजा केल्यावर फरक बराच उतरला, परंतु उरलाच. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला बहुधा कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या गोष्टींच्या गटात घातले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवले. ‘बहुधा’ हा शब्द तिथे जाणूनबुजून आहे. रात्रपाळी करणाऱ्या माणसाने तो वाचून घाबरून जाऊ नये, आणि त्याला कामावर ठेवणाऱ्याने तो वाचून दुर्लक्षही करू नये.

आता आपल्या घरातील विषयाकडे येऊ. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आपल्याकडे अहिंसेतून आला. अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, दिव्याभोवती ते येतात, अन्नात पडतात. तो नियम साखर उतरावी म्हणून कोणी सांगितला नाही, आणि साखर उतरते एवढ्यासाठीच तो पाळायचा तर त्याला व्रत म्हणता येणार नाही. हल्ली ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणून प्रत्येक शोधाची पावती आपल्या नावावर फाडण्याची प्रथा पडली आहे. मला ती आवडत नाही. पूर्वजांना जीवदया ठाऊक होती, स्वादुपिंडाचे घड्याळ ठाऊक नव्हते. पण जीवदयेच्या वाटेने जाताना देहाचेही भले झाले असेल, तर ते तपासून पाहायला हरकत कसली?

तपासणारे आहेतच. मूळचे ओडिशाचे आणि कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत काम करणारे सच्चिदानंद पांडा यांनी २०१२ मध्ये उंदरांचे दोन गट केले. दोघांनाही तोच स्निग्ध आहार आणि तेवढाच. एका गटाने तो दिवसभरात केव्हाही खावा, दुसऱ्याने आठ तासांत उरकावा. पहिल्या गटातील उंदीर लठ्ठ झाले, त्यांची यकृते चरबीने भरली. दुसरे त्यातून बरेचसे सुटले. (उंदीर निशाचर असल्याने त्यांचे ते आठ तास रात्रीचे होते. प्रत्येक जीवाने आपल्या दिवसात खावे, एवढाच त्याचा अर्थ.) २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनपूर्वी दिवसाचे सारे अन्न देण्यात आले. त्यांचे वजन उतरले नाही, तरी इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. याउलट, २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेल्या प्रयोगात, उष्मांक कमी केले असताना वेळेच्या बंधनाने वजनात म्हणण्यासारखा जादा लाभ झाला नाही. तेव्हा लवकर जेवले म्हणजे मिठाईला मोकळीक मिळाली, असे कोणी समजू नये. संध्याकाळी साडेसहाला तळलेल्या फरसाणाचा डबा रिकामा करून चोविहार घेणारे आपल्यात आहेत, आणि ते स्वतःला ओळखतील.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो २०२१ चा एक लहानसा प्रयोग. पुन्हा बोस्टनचेच संशोधक. त्यांनी एकोणीस जणांना रात्रपाळीसारखे जागवले. निम्म्यांनी रात्रीही खाल्ले. उरलेल्यांनी रात्री जागरण केले, परंतु खाल्ले फक्त दिवसा. पहिल्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्यांची वाढली नाही. म्हणजे जागरण टाळता आले नाही तरी रात्रीचे अन्न टाळल्याने हानीचा एक भाग टळतो. हे वाचले आणि मला आमच्या नाक्यावरची रात्री दोनची वडापावाची गाडी आठवली.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या पंचांगात रोज छापलेली असते आणि आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. भारतात एकच प्रमाणवेळ आहे, ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. गडब त्र्याहत्तर अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, तर सरासरी बारा वाजून अडतीस मिनिटांनी. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तेव्हा मुंबईने ती मानायला नकार दिला. गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण घड्याळ ३९ मिनिटे पुढे करणे म्हणजे तितक्याच अंधारात उठून गिरणीत जाणे. मुंबईची वेगळी वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. लोकांनी तो विरोध सरकारविरोधाच्या भरात केला असेलही, पण गिरणगावातल्या माणसाला आपल्या देहातली पहाट कळत होती, हेही खरे. भारताच्या पश्चिम भागात सूर्यास्त घड्याळाप्रमाणे उशिरा होतो, म्हणून मुलेही उशिरा झोपतात, परंतु शाळेची घंटा उशिरा होत नाही. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात असे दिसले की सूर्यास्त एक तासाने उशिरा, तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी, आणि त्याचा फटका शिक्षणाला बसतो, गरीब घरांत अधिक.

सूर्याप्रमाणे चालणाऱ्या नियमाला हा घोळ होत नाही. आपल्या भागात डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, तर जूनअखेर सव्वासातनंतर. चोविहार करून दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटिका, थांबले तर हिवाळ्यात पोटाला सुमारे पावणेचौदा तासांची विश्रांती मिळते आणि उन्हाळ्यात साडेअकरा तासांची. खाडीवरच्या मच्छीमारांचा दिवस तर चंद्रावर चालतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिच्याबरोबर त्यांची झोपही. घड्याळाशी त्यांचे कधी पटले नाही, आणि कारखान्यात लागलेली त्यांची पुढची पिढी आता दर आठवड्याला पाळी बदलत असते. पाळी बदलायचीच तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवावी, उलटी नको, हे १९८२ मध्येच अमेरिकेतील यूटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात दिसून आले होते. आपले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्याने उशिरा झोपणे त्याला लवकर उठण्यापेक्षा सोपे जाते. ज्या वाचकांचे लहानमोठे कारखाने धाटाव किंवा तळोज्याला आहेत, त्यांनी आपला पाळीचा तक्ता एकदा या दृष्टीने पाहावा.

बंधूंकडे परत येतो. डॉक्टरांचे ऐकून त्यांनी वेळ बदलली. वहिनी संध्याकाळी सहाला डबा पाठवू लागल्या, बंधू दुकानातच सूर्यास्तापूर्वी जेवू लागले आणि आठ वाजता घरी जाऊ लागले. औषध चालूच राहिले, डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ नव्या जेवणाशी जुळवून दिली. (इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना न विचारता कधीही करू नये, रात्रीत साखर धोकादायक उतरू शकते.) सहा महिन्यांत आकडे सुधारले, झोप सुधारली, चातुर्मासातला चोविहार पूर्ण चार महिने झाला. घरात आनंद झाला. आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो.

दुकान मात्र साडेअकरापर्यंत उघडे होते. तिथे आमच्याकडे काम करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा बसत असे. तोच पहाटे पाचला दुकान उघडी. घरी जाऊन जेवायला त्याला बारा वाजत. म्हणजे बंधू पूर्वी जे करीत होते, ते आता तो करीत होता, आणि वर पहाटही सांभाळत होता. आठवड्याच्या सुट्टीला तो दुपारपर्यंत झोपे. त्याची आई थट्टेने म्हणे, मुलगा एक दिवसाचा आणि सहा रात्रींचा आहे. एकदा त्याने बंधूंना सांगितलेही होते, ‘शेठ, हल्ली पडलो तरी डोळा लागत नाही, आणि गिऱ्हाईक समोर असले की लागतो.’ आम्ही हसलो होतो. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे दुकानाकडे येताना दुचाकीवर त्याला पेंग आली आणि तो रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात पडला. हात मोडला, एवढ्यावर निभावले. मागून अवजड वाहन येत नव्हते, इतकेच आमचे नशीब.

बा त्याला भेटून आल्या आणि बंधूंना त्यांनी फक्त विचारले, ‘तुझा चोविहार कोणाच्या जागरणावर चालला होता?’ त्यावर कोणाकडेही उत्तर नव्हते. आपण सूक्ष्म जीवांसाठी दिवा लवकर मालवला आणि एका माणसाला त्याच दिव्याखाली बसवून ठेवले होते.

पूर्वी दुकानाच्या वेळा १९४८ च्या कायद्याने बांधलेल्या होत्या. २०१७ च्या नव्या कायद्याने महाराष्ट्रात दुकान चोवीस तास, बाराही महिने उघडे ठेवण्याची मुभा मिळाली. व्यापारी संघटनांनी तिचे स्वागत केले, मीही केले होते. त्या कायद्यात कामगाराला आठवड्याची सुट्टी आणि कामाच्या तासांची मर्यादा आहे. परंतु तो किती वाजता जेवतो, हे कोणताही कायदा विचारत नाही.

आता आमचे दुकान रात्री नऊला बंद होते आणि सकाळी साडेसहाला उघडते. दुसऱ्या पाळीचे गिऱ्हाईक गेले, ते पलीकडच्या दुकानात जाते. पहिल्या दोन महिन्यांत गल्ला जाणवण्याइतका उतरला आणि धाकट्या पुतण्याने ते हिशेबासकट बंधूंसमोर मांडले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. काही गिऱ्हाइकांनी पाळीला जाण्यापूर्वीच शिधा न्यायला सुरुवात केली आहे, काही जण मोबाईलवर यादी पाठवून पिशवी बांधून ठेवायला सांगतात. तूट थोडी भरली, सगळी नाही. मुलाचा हात बरा झाल्यावर तो परत आला. सव्वासहाला वहिनींचा डबा येतो, त्यात आता दोन ताटांचे जेवण असते. तो चोविहार करीत नाही, त्याला कोणी सांगितलेही नाही. बंधूंच्या शेजारी बसून जेवतो, आणि मग दोघेही पुन्हा तराजूकडे वळतात.